बाबोव्काची सात अंडी

तिचं नाव बाबोव्का.
आमच्या ओस्त्रावात रविवारी करतात त्या केकवरून:
मधे भोक, भोवती गोल फुगीर वेटोळं.
अंड्यांभोवती ती तशीच बसलेली,
आणि मी तिला अलगद सोडवून उचललं
तेव्हा फुत्कारलीसुद्धा नाही.

सात अंडी, एकमेकांना चिकटलेली.
प्रत्येकाच्या माथ्यावर पेन्सिलीने बारीक फुली,
कारण सापाचं अंडं उलटं करायचं नसतं,
आतला जीव बुडतो.

दोन पहिल्याच आठवड्यात पिवळी पडली,
मेणासारखी. त्यांचं काही वाटलं नाही.
खरंच नाही वाटलं.

उबवणी पेटी जुन्या फ्रिजची.
बोहुस्लावने जोडून दिली;
खाण बंद झाल्यापासून तो काही ना काही जोडतच असतो.
एकतीस पूर्णांक पाच अंश, ओलसर भुसा, घामेजलेली काच.
"सारखं झाकण उघडू नकोस,"
एवढंच म्हणाला.

मी उघडलं.
ट्रामची शेवटची फेरी डेपोत लावून, रात्री एकला,
अंगावरचा गणवेशही न उतरवता.
बॅटरी अंड्याच्या मागे धरली की
आत लाल शिरांचं झाड उजळायचं
आणि झाडावर काहीतरी कूस बदलायचं.
रोज. कधी दोनदा.
दिवसभर माझ्या गाडीत माणसं चढतात, उतरतात,
आणि मला दिसते
आरशातली त्यांची पाठ.

एकोणसाठाव्या दिवशी एकाने कवचाला चीर पाडली,
नाक बाहेर काढलं, आणि थांबला.
बाकीची चार गप्प.
दोन दिवस वाट पाहून नखं कापायच्या कात्रीने
मी एकेक उघडलं.
दोन मेलेले, पूर्ण वाढलेले, अंगावर नक्षीसुद्धा.
दोन जिवंत,
आणि त्यांचा कणा असा मोडत गेलेला
जसा आमच्या इमारतीचा जिना,
प्रत्येक मजल्यावर वळण.
एकाला डोळे नव्हते. तरी त्याने जीभ बाहेर काढली
आणि माझ्या अंगठ्याचा वास घेतला.

मी आलोइसला फोन लावला.
नर त्याचा, ब्रनोच्या बाजारात घेतलेला.
सख्खी भावंडं गळ्यात मारलीस, म्हणाले,
आणि आणखी बरंच, जे मी ट्रामच्या खाली
मुलं पळतात तेव्हाही बोलत नाही.
तो ऐकत राहिला. मग कागद पाठवले.
भावंडं नव्हती.

पेटी धुताना बोहुस्लावला ती तार सापडली.
तापमापकाचं टोक, अर्धं आत,
अर्धं झाकणाच्या रबरात चेमटलेलं, बाहेरच्या गारठ्याकडे.
पेटीला वाटत होतं थंडी आहे.
ती आपली तापवत राहिली, दोन अंश, तीन अंश,
आणि काचेवर आकडा बरोबर दिसत राहिला.
बोहुस्लाव काही बोलला नाही.
चिकटपट्टी घेऊन आला.

खालच्या वाव्रोशोव्हाबाई म्हणाल्या, फ्रीजरमध्ये ठेव,
झोपल्यासारखे जातात.
जात नाहीत. मला माहीत आहे.
पावाच्या डब्यात लोकरी मोजा अंथरून
मी दोघांना डॉक्टरकडे नेलं,
माझ्याच मार्गाच्या ट्राममध्ये, तिकीट काढून, मागच्या बाकावर.
अर्जावर नावाची ओळ होती.
नावं नाहीत, म्हणाले.
त्यांनी लिहिलं: एक. दोन.

पहिला वाचला. ज्याने स्वतः चीर पाडली तो.
शेपटीचं टोक हुकासारखं वाकडं,
त्याला कोणी घेणार नाही,
आणि मी तो विकायला काढणारही नाही.
गुरुवारी त्याने गुलाबी पिल्लू गिळलं,
उलटीकडून, शेपटीकडून, अडाण्यासारखं.

बाबोव्काही खायला लागली.
लोक म्हणतात साप डूख धरतो.
कुठला धरतोय,
उंदीर पोटात गेला की तिची दुनिया मिटते.
या घरात डूख धरलाय तो एकीनेच,
आणि तोही स्वतःच्या दोन हातांवर,
ज्यांना झाकण बंद ठेवता आलं नाही.

पुढच्या हंगामासाठी बोहुस्लाव
पेटीला कुलूप लावतोय. किल्ली त्याच्याकडे.
मी हो म्हटलंय.

आलोइसला अजून फोन केलेला नाही.